स्वपक्षाच्या काँग्रेसमनला प्रायमरीत आव्हान द्यायचंय? सुरुवात इथून करा

आपल्याकडे विधानसभेचं तिकीट कुणाला मिळालं हे एबी फॉर्म कुणाच्या हातात पडला त्यावरून कळतं. ज्याच्या हातात पडला नाही आणि तरी जो उभा राहिला, तो बंडखोर. अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या (ज्याच्या सदस्याला काँग्रेसमन म्हणतात) निवडणुकीत असा फॉर्म वाटणारं कुणी नसतं. डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार कोण हे मतदारसंघातले मतदार प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत, ठरवतात, रिपब्लिकनांचंही तेच. त्यामुळे समोरचा माणूस दहा टर्म निवडून आलेला असला, तरी त्याच्याच पक्षातून त्याच्याविरुद्ध अर्ज भरायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

पण परवानगी लागत नाही म्हणून काम सोपं झालं असं नाही. २०२४ साली ४३५ जागांच्या सभागृहात प्रायमरीत हरलेले विद्यमान सदस्य फक्त चार होते. त्यातले एक, अलाबामाचे जेरी कार्ल, दुसऱ्या विद्यमान सदस्याकडूनच हरले, कारण सीमा बदलून दोघे एकाच मतदारसंघात आले होते. म्हणजे बाहेरून येऊन आव्हान देणारे जिंकले ते तीनच ठिकाणी. हा आकडा पचला असेल तर पुढे वाचा.

आधी बघा, हा माणूस पडण्यासारखा आहे का

नवखे उमेदवार इथेच जास्त चुकतात. “त्याची मतं मला पटत नाहीत” हे कारण तुम्हाला पुरतं, मतदाराला पुरत नाही. आजवर पडलेल्या बड्या लोकांकडे पाहिलं तर धोरणातल्या मतभेदाइतकीच मतदारसंघातली गैरहजेरी त्यांना भोवलेली दिसते.

न्यूयॉर्कच्या १४व्या मतदारसंघातले जो क्रॉली सभागृहातल्या डेमोक्रॅटांमध्ये चौथ्या क्रमांकाचे नेते होते. २००४ नंतर त्यांना प्रायमरीत कुणी आव्हानच दिलं नव्हतं. २०१८ साली २८ वर्षांची अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ समोर उभी राहिली, तेव्हा ब्राँक्समधल्या एका वादसभेला ते स्वतः गेले नाहीत, आपल्या वतीने दुसऱ्याच बाईंना पाठवलं. त्यांचं कुटुंब व्हर्जिनियात राहतं, हेही लोकांच्या लक्षात होतं. २६ जूनला ते जवळपास साडेतेरा टक्क्यांच्या फरकाने हरले. दोन वर्षांनी शेजारच्या १६व्या मतदारसंघात एलियट एंगेल यांचं तसंच झालं. करोनाच्या सुरुवातीला ते मतदारसंघात फिरकले नाहीत अशा बातम्या आल्या. पुढे एका कार्यक्रमात माइक चालू असताना, प्रायमरी नसती तर मला बोलायची पर्वा नसती, अशा अर्थाचं वाक्य ते बोलून गेले. त्यांच्याविरुद्ध उभे असलेल्या आणि पुढे जिंकलेल्या जमाल बोमन यांना प्रचारासाठी याहून चांगला मजकूर कुणी लिहून दिला नसता.

रिपब्लिकन बाजूचं ठळक उदाहरण २०१४चं. व्हर्जिनियाच्या ७व्या मतदारसंघात सभागृहातले बहुमताचे नेते एरिक कँटर हे डेव्ह ब्रॅट नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून हरले. कँटर यांच्या स्वतःच्या सर्वेक्षणात ते ३४ टक्क्यांनी पुढे होते. प्रायमरीला नेमकं कोण येणार याचा अंदाज चुकला की सर्वेक्षण असं तोंडघशी पाडतं. अलीकडे रिपब्लिकनांमध्ये वेगळंच सूत्र दिसतं. २०२२ साली वायोमिंगमध्ये लिझ चेनी आणि २०२४ साली व्हर्जिनियात बॉब गुड पडले, आणि दोन्हीकडे ट्रम्प यांचा पाठिंबा आव्हान देणाऱ्याला होता. असा पाठिंबा तुमच्याकडे नसेल तर ही उदाहरणं तुमच्या कामाची नाहीत.

तेव्हा विद्यमान सदस्याची मागच्या दोन-तीन प्रायमरींतली मतं काढा. कोणत्या भागात त्याला कमी मिळाली, टाउन हॉल (मतदारांची खुली सभा) कधी घेतला होता, त्याच्या कार्यालयातून लोकांची कामं होतात का, ते विचारत फिरा. व्हिसाचं अडकलेलं प्रकरण किंवा सोशल सिक्युरिटीचा (सरकारी निवृत्तिवेतनाचा) चेक सोडवून देणारा काँग्रेसमन सहजी पडत नाही, मग तो सभागृहात कसंही मत देवो.

तुम्ही पात्र आहात का

राज्यघटनेच्या अटी तीनच आहेत. वय किमान २५, अमेरिकेचं नागरिकत्व किमान ७ वर्षांचं, आणि निवडून येताना त्या राज्याचा रहिवास. जन्म अमेरिकेत झालेला असावा ही अट राष्ट्राध्यक्षासाठी आहे, तुमच्यासाठी नाही. बेळगावात वाढलेले, मराठी बोलणारे श्री ठाणेदार मिशिगनच्या १३व्या मतदारसंघातून निवडून आले आहेतच. मतदारसंघातच राहावं अशीही अट नाही, पण शेजारच्या मतदारसंघातून येऊन उभे राहिलात तर पहिल्या पत्रकापासून त्याचीच उत्तरं देत बसाल.

एक गोष्ट आपल्या लोकांच्या लक्षात राहत नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर हॅच कायद्याने पक्षीय निवडणूक लढवता येत नाही. आधी राजीनामा, मग अर्ज.

नियम राज्याचे, आणि प्रत्येक राज्याचे वेगळे

दुसऱ्या राज्यातल्या मित्राचा सल्ला इथे उपयोगाचा नाही. टेक्सासमध्ये प्रायमरी मार्चमध्ये असते आणि अर्ज आदल्या डिसेंबरातच भरावा लागतो. न्यूयॉर्कची जूनमध्ये, मिशिगनची ऑगस्टमध्ये, मॅसॅच्युसेट्सची सप्टेंबरच्या सुरुवातीला. तारखा राज्याच्या सचिवाच्या किंवा निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळावर असतात. त्या छापून भिंतीवर लावा.

मग बघा की मत कोण देऊ शकतं. न्यूयॉर्कची प्रायमरी बंद आहे, पक्षाचे नोंदणीकृत सदस्यच मत देतात, आणि पक्ष बदलायची मुदत १४ फेब्रुवारीला संपते. मे महिन्यात भेटलेला उत्साही अपक्ष मतदार तुमच्यासाठी घोषणा देईल, मत देऊ शकणार नाही. मिशिगन आणि व्हर्जिनियात पक्षनोंदणीच नाही, मतदाराने त्या दिवशी एका पक्षाची बाजू निवडायची.

कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनमध्ये सगळ्या पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि पहिले दोघे नोव्हेंबरच्या अंतिम निवडणुकीत जातात, दोघे एकाच पक्षाचे असले तरी. आव्हान देणाऱ्याला ही पद्धत सोयीची आहे. सिलिकॉन व्हॅलीत रो खन्ना यांनी २०१४ साली स्वपक्षाचे माइक होंडा यांना नोव्हेंबरपर्यंत खेचलं आणि साधारण ५२ विरुद्ध ४८ ने ते हरले. २०१६ साली तोच सामना त्यांनी मोठ्या फरकाने जिंकला. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या पक्षाच्या मतदारांनाही या दोघांतूनच एकाला निवडायचं होतं. बंद प्रायमरीत ही सोय नसते.

टेक्साससारख्या राज्यात ५० टक्क्यांच्या वर कुणी गेलं नाही तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होतं. मिशिगनमध्ये सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो, टक्के कितीही असोत. २०२२ साली १३व्या मतदारसंघाची जागा रिकामी होती, नऊ उमेदवार होते आणि ठाणेदार सुमारे २८ टक्क्यांवर जिंकले. म्हणून दुसरी फेरी नसलेल्या राज्यात विद्यमान सदस्याविरुद्ध तिघे उभे राहिले की निम्मी लढाई तोच जिंकतो. नाराज मंडळींनी आधी एकत्र बसून एक नाव ठरवावं. बहुतेक वेळा हे घडत नाही, कारण प्रत्येकाला दुसऱ्यानेच माघार घ्यावी असं वाटतं.

सीमाही तपासा. जनगणनेनंतर नकाशे बदलतात, आणि टेक्सासने तर २०२५ साली दशकाच्या मध्येच ते बदलले. ज्या वस्तीत तुम्ही वर्षभर फिरलात ती पुढच्या नकाशात शेजाऱ्याकडे गेलेली असू शकते.

सह्या: इथे अनेकांची मोहीम संपते

काही राज्यांत शुल्क भरलं की नाव मतपत्रिकेवर येतं. टेक्सासमध्ये ३,१२५ डॉलर, फ्लोरिडात पक्षाचा उमेदवार असाल तर १०,४४० डॉलर. पण बऱ्याच राज्यांत मतदारांच्या सह्या लागतात. मिशिगनमध्ये १,०००, न्यूयॉर्कमध्ये १,२५०. साडेसात लाख वस्तीत हजार सह्या म्हणजे काय मोठं, असं वाटतं ना? मिशिगनच्या १३व्या मतदारसंघातच काय झालं ते बघा.

२०२४ साली माजी राज्य सिनेटर ॲडम हॉलियर ठाणेदारांविरुद्ध उभे होते. त्यांनी १,५००हून जास्त सह्या दिल्या. ठाणेदारांच्या बाजूने हरकत घेतली गेली, वेन काउंटीच्या क्लार्कने तपासणी केली आणि ग्राह्य सह्या निघाल्या ८६३. नाव मतपत्रिकेवर आलंच नाही. सर्वांत तगडा मानला जाणारा प्रतिस्पर्धी एकही मत न पडता बाद झाला. ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या नगरसेविका मेरी वॉटर्स यांना हरवून ठाणेदार पुन्हा उमेदवार झाले.

या जागेला सह्यांचा जुनाच शाप आहे म्हणा. २०१४ साली इथले दिग्गज जॉन कॉनियर्स यांच्या सह्या गोळा करणारे काही जण स्वतः नोंदणीकृत मतदार नव्हते, म्हणून त्यांचं नाव वगळलं गेलं होतं, आणि केंद्रीय न्यायालयात जाऊन त्यांना ते परत मिळवावं लागलं. २०२२ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदाचे पाच रिपब्लिकन उमेदवार एकदम बाद झाले. पैसे देऊन नेमलेल्या लोकांनी सह्याच बनावट केल्या होत्या.

यावरून नवख्याने घ्यायची कामं अशी. लागतात त्याच्या दुप्पट तरी सह्या गोळा करा, राज्याने वरची मर्यादा घातली असेल तर त्या मर्यादेपर्यंत जा. (मिशिगनमध्ये ती २,००० आहे, म्हणून तिथे नुसता आकडा फुगवून भागत नाही, प्रत्येक सही जमा करण्याआधी तपासावी लागते.) रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या सह्या मतदारयादीशी ताडून बघा: माणूस नोंदणीकृत आहे का, याच मतदारसंघात राहतो का, बंद प्रायमरी असेल तर आपल्याच पक्षाचा आहे का, आधी दुसऱ्या उमेदवाराच्या अर्जावर सही करून बसलाय का. तारीख, पत्ता, गोळा करणाऱ्याची स्वतःची सही, काहीही राहिलं तर कागद बाद होऊ शकतो. कंत्राटदारावर विसंबू नका, स्वयंसेवक पाठवा. ओकासिओ-कोर्टेझच्या स्वयंसेवकांनी १,२५० लागत असताना ५,०००हून जास्त सह्या आणल्या होत्या. आणि निवडणूक कायद्याचा वकील जाहिरातीच्या आधी नेमा, पैसे कमी असले तरी. विद्यमान सदस्याचा वकील तुमचा एकेक कागद उन्हात धरून बघणार आहे.

पैसा आणि त्याचा हिशेब

निवडणुकीसाठी ५,००० डॉलरहून जास्त जमवले किंवा खर्च केले की कायद्याच्या नजरेत तुम्ही उमेदवार झालात. त्यानंतर १५ दिवसांत केंद्रीय निवडणूक आयोगाकडे फॉर्म २ भरायचा, आणि त्यानंतर १० दिवसांत तुमच्या समितीचा फॉर्म १. समितीला खजिनदार आणि स्वतंत्र बँक खातं लागतं. खजिनदाराशिवाय एक डॉलरही घेता किंवा खर्चता येत नाही. हे पद मेव्हण्याला मान म्हणून देऊ नका, तिमाही अहवालांचं काम आहे ते. मतदानाच्या १२ दिवस आधी आणखी एक अहवाल असतो, आणि शेवटच्या २० दिवसांत १,००० डॉलर किंवा जास्त रक्कम आली तर ४८ तासांत कळवावं लागतं.

२०२५-२६ साठी एका व्यक्तीकडून एका निवडणुकीला ३,५०० डॉलर घेता येतात. प्रायमरी आणि नोव्हेंबरची निवडणूक वेगवेगळी धरतात, म्हणून एकाच देणगीदाराकडून एकूण ७,००० येऊ शकतात. स्वतःच्या खिशातून कितीही घाला, त्यावर मर्यादा नाही. कंपनीच्या खात्यातला चेक चालत नाही, १०० डॉलरहून जास्त रोख चालत नाही. २०० डॉलरच्या वर देणाऱ्याचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरी देणारी संस्था नोंदवायची.

मराठी घरांतून पैसे उभे करणाऱ्यांनी पुढचं दोनदा वाचावं. ग्रीनकार्डधारक देणगी देऊ शकतो. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावरचा माणूस देऊ शकत नाही. पुण्यातला काका तर नाहीच, मग त्याने कितीही प्रेमाने दिले तरी. काकाने पुतण्याला पाठवले आणि पुतण्याने आपल्या नावाने दिले, तर तो वेगळाच गुन्हा. व्हिसावरच्या मित्राला मानधन न घेता दारोदार फिरता येतं, फोन करता येतात, पण पैसे कुठे खर्चायचे अशा निर्णयांत त्याला बसवू नका. तुमच्या गावातलं महाराष्ट्र मंडळ ५०१(सी)(३) खाली, म्हणजे करसवलत मिळणारी धर्मादाय संस्था म्हणून, नोंदलेलं असेल, तर त्याला कुठल्याही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. गणपतीच्या आरतीनंतर मंडळाच्या माइकवरून अध्यक्षांनी तुमच्यासाठी मतं मागितली, तर मंडळाची करसवलत धोक्यात येते. मंडपाबाहेर ओळखी करून घ्या, रविवारी कुणाच्या तरी दिवाणखान्यात बैठक ठेवा.

वर्षभर नोकरी सोडून प्रचार करायचा तर घर कसं चालणार? २०१८ सालापासून प्रचारामुळे लागणारा पाळणाघराचा खर्च मोहिमेच्या पैशातून करायला आयोगाची मुभा आहे. २०२४ सालच्या नियमांनी उमेदवाराला मानधनही घेता येतं, ते जास्तीत जास्त काँग्रेसमनच्या पगाराच्या (वार्षिक १,७४,००० डॉलर) निम्मं किंवा मागच्या पाच वर्षांतली तुमची सरासरी कमाई, यांपैकी जे कमी असेल तेवढं. विरोधक त्यावर पत्रक काढतील. काढू देत.

मतांचा हिशेब

आता खरं काम. क्रॉलींना हरवायला किती मतं लागली? सतरा हजारांहून थोडी कमी. साऱ्या मतदारसंघात त्या दिवशी तीस हजारांच्या आतबाहेर मतं पडली. प्रायमरीचं सगळं गणित या आकड्यात आहे. सात-साडेसात लाख लोकांना पटवायचं नसतं, ठरावीक वीस-पंचवीस हजार माणसं शोधून त्यांना मतदानापर्यंत आणायचं असतं.

मागच्या तीन-चार प्रायमरींत मतदारसंघात किती मतं पडली ते काढा. विद्यमान सदस्यासमोर कुणीच नव्हतं अशी वर्षं वेगळी ठेवा, त्यांत आकडा फसवा असतो. यंदा चुरस आहे म्हणून थोडे वाढवा. समजा, ४०,००० आले. दोघांतच लढत असेल तर २०,००१ लागतील, तुम्ही २२,००० धरा. कुणी कोणाला मत दिलं हे गुप्त असतं, पण कोण कोणत्या निवडणुकीत मतदानाला आलं याची नोंद मतदारयादीत असते आणि ती यादी मिळते. त्यातून तीन गठ्ठे पाडा. दर प्रायमरीला येणारे, अधूनमधून येणारे, आणि नोव्हेंबरला येतात पण प्रायमरीला कधीच येत नाहीत ते.

पहिल्या गठ्ठ्यातले लोक वयाने मोठे असतात आणि विद्यमान सदस्याला नावाने ओळखतात. त्यांच्याकडे तुम्ही स्वतः जा, पत्रक पाठवून भागणार नाही. दुसऱ्या गठ्ठ्यावर सगळ्यात जास्त स्वयंसेवक लावा, जिंकलेल्या बहुतेक आव्हानवीरांचं यश इथून आलं असं माझं मत आहे. तिसऱ्यातून निवडक माणसंच घ्या, जिथे तुमच्या ओळखीचं जाळं आहे तिथलीच. दार उघडणाऱ्या प्रत्येकाला एक ते पाच असा आकडा द्या, एक म्हणजे पक्कं आपलं, पाच म्हणजे पक्कं त्यांचं, आणि तो आकडा त्याच रात्री संगणकात भरा. भरला नाही तर तो दिवस फुकट गेला.

यादीच्या सॉफ्टवेअरबाबत तयारी ठेवा. डेमोक्रॅटांची मतदारयादी राज्यातल्या पक्षाच्या हाती असते, आणि विद्यमान सदस्याला आव्हान देणाऱ्याला ती द्यायला पक्ष का-कू करू शकतो. तसं झालं तर काउंटी किंवा राज्याकडून कच्ची यादी घ्या, नाहीतर खासगी विक्रेत्याकडून. पक्षाची नाराजी किती थराला जाते याचा नमुना म्हणजे २०१९ साली डेमोक्रॅटांच्या प्रतिनिधीगृह प्रचार समितीने केलेला नियम: विद्यमान सदस्यांच्या विरोधकांसाठी जो सल्लागार काम करेल त्याला समितीचं काम मिळणार नाही. २०२१ साली तो मागे घेतला गेला. पण अनुभवी सल्लागार आजही तुमचा फोन उशिरा उचलतील.

हल्ला येणार

तुम्ही पुढे सरकताय असं दिसलं की बाहेरचे पैसे येतात. सुपर पॅकना (उमेदवारापासून स्वतंत्रपणे प्रचारावर खर्च करणाऱ्या गटांना) खर्चाची मर्यादा नाही, फक्त उमेदवाराशी संगनमत करता येत नाही. २०२४ साली बोमन यांच्याविरुद्ध इस्रायलसमर्थक आयपॅकच्या सुपर पॅकने १ कोटी ४० लाख डॉलरहून जास्त ओतले. २०२० साली आव्हान देऊन आलेले बोमन स्वतःच आव्हानाला बळी पडले, सेंट लुइसमध्ये कोरी बुश यांचंही दीड महिन्यात तेच झालं. तेव्हा आपल्या जुन्या पोस्ट, थकलेले कर, कोर्टकचेऱ्या, घटस्फोटाचे कागद एखाद्या परक्या माणसाकडून आधीच तपासून घ्या. शोधणारा पैसे देऊन नेमलेला असतो आणि त्याला काहीतरी सापडतंच.

वादसभेचं आमंत्रण विद्यमान सदस्याला लेखी द्या, आणि तो आला नाही तर रिकामी खुर्ची ठेवा. जुनी युक्ती आहे, पण स्थानिक वार्ताहरांना फोटो मिळतो.

मतदान आणि नंतर

मिशिगनमध्ये टपाली मतपत्रिका ४० दिवस आधी मिळू लागतात. म्हणजे तुमचं शेवटच्या आठवड्याचं भाषण ऐकण्याआधीच बऱ्याच जणांचं मत पडलेलं असतं. पत्रकं आणि फोन त्या तारखेपासून मागे मोजून लावा. कुणाचं टपाली मत पोचलं याची यादी रोज मिळवा आणि त्यांना फोन करणं थांबवा.

फरक कमी असेल तर फेरमोजणीची मुदत लगेच संपते, वकील त्या रात्री जागा असू दे. टेक्सासमध्ये २०२२ साली जेसिका सिस्नेरोस या विद्यमान सदस्य हेन्री क्वेयार यांच्याविरुद्ध दुसऱ्या फेरीत ३००हून कमी मतांनी हरल्या, तेही फेरमोजणीनंतर. बॉब गुड ४००हून कमी मतांनी पडले.

हरलात तर नोव्हेंबरमध्ये अपक्ष उभं राहू असं मनात धरू नका, बहुतेक राज्यांचा कायदा ते होऊ देत नाही. कनेटिकटमध्ये सिनेटर जो लीबरमन यांना २००६ साली ते जमलं, कारण तिथे ती पळवाट होती. पुन्हा प्रायमरीला मात्र कुणी अडवत नाही. खन्ना दुसऱ्या खेपेला जिंकले, इलिनॉयमध्ये मरी न्यूमन २०१८ला थोडक्यात हरून २०२०ला जिंकल्या, कोरी बुशही २०१८ला हरून २०२०ला जिंकल्या. दुसऱ्या वेळी मतदारांच्या नावापुढे एक ते पाचचे आकडे आधीच भरलेले असतात, म्हणून ती फाइल आणि तिचा पासवर्ड एका माणसाच्या लॅपटॉपवर सोडू नका. नोव्हेंबरच्या नावाखाली घेतलेले पैसे प्रायमरी हरल्यावर ६० दिवसांत परत करायचे असतात, किंवा देणगीदाराच्या लेखी संमतीने दुसऱ्या निवडणुकीकडे वळवायचे असतात. समिती रीतसर बंद होईपर्यंत खजिनदाराला अहवाल पाठवत राहावंच लागतं.